अंधार, आई-बाबा आणि कयाक

फॅमिली ट्रिपचे आपल्याकडे दोनच फंडे असतात. एक, आई-बाबांना आवडेल अशी ट्रिप. म्हणजे देवदर्शन, स्वच्छ हॉटेल आणि चारच्या ठोक्याला चहा. दुसरी, आपल्याला आवडेल अशी ट्रिप. म्हणजे आई-बाबा हॉटेलच्या व्हरांड्यात बसणार आणि आपण 'जरा जाऊन येतो हं' म्हणत चार तास गायब! तिसरा प्रकारही असतो. सगळ्यांनी मिळून एकच गोष्ट करायची आणि तीही अशी, की घरातल्या कुणालाच येत नाही. हा प्रकार सहसा कुणी करत नाही. रिस्की आहे, भांडणं होतात!

आम्ही तो केला. डिसेंबर २०२५मध्ये, अंदमानातल्या हॅवलॉक बेटावर, रात्री साडेसातला, मिट्ट काळोखात, खारफुटीच्या खाडीत. माणसं चार, कयाक दोन. वयोगट सत्तावीस ते त्रेसष्ट. पैकी पोहता येणारे : एक. (मी नव्हे, दादा.)

ऐकायला हे जरा फिल्मी वाटेल. पण काळोखात पाण्यावर जायचं कारण सॉलिड होतं. तिथलं पाणी चमकतं. वल्हं मारलं की उजेड होतो. बोट बुडवलं की उजेड होतो. बाजूने मासा पळाला की त्याच्यामागे उजेडाची रेघ ओढली जाते. याला शास्त्रीय मराठीत जीवदीप्ती म्हणतात. ती बघायला दोनच गोष्टी लागतात, अंधार आणि हालचाल. आणि आमच्या घरात गेले आठ-नऊ महिने एका गोष्टीची जाम टंचाई होती. कसली, ते येईलच पुढे.

कालनिर्णयची मागची बाजू

आधी अंदमानच का, ते सांगते. नाशिककरांचं अंदमानशी जुनं नातं आहे. आमच्या इंदिरानगरातून भगूर पंधरा-वीस किलोमीटरवर. सावरकर बंधूंचं गाव. बाबाराव आणि विनायक, दोघंही सेल्युलर जेलमध्ये होते. विनायक सावरकरांना तिथे आणलं ४ जुलै १९११ रोजी. त्यामुळे 'एकदा अंदमान करायचंय' हे वाक्य नाशिकच्या मध्यमवर्गीय घरात 'एकदा काशी करायची आहे' याच सुरात म्हटलं जातं. बाबा ते वीस वर्षं म्हणत होते. अंबडच्या एमआयडीसीत नोकरी, मग आमची शिक्षणं, मग फ्लॅटचे हप्ते... राहून गेलं.

मार्च २०२५मध्ये बाबांची अँजिओप्लास्टी झाली. त्याच आठवड्यात दादाला जर्मनीतल्या नोकरीचं पत्र आलं. स्टुटगार्ट. पुण्यात आठ वर्षं आयटीत घासल्यावर मिळालेली, त्याला हवी तश्शी नोकरी. त्याने बाबांना दवाखान्यातून घरी आणल्यावर सांगितलं. बाबा म्हणाले, "जा." एवढंच. त्यानंतर तो विषय बंद. आमच्या घरात भांडणं होत नाहीत, विषय बंद होतात. दादाने रुजू व्हायची तारीख जानेवारीपर्यंत पुढे ढकलून घेतली, दर शनिवार-रविवारी पुण्याहून यायला लागला, बाबांच्या गोळ्यांचे डबे भरायला लागला. दोघं एकमेकांशी बोलायचे ते क्रिकेटचा स्कोअर आणि इंदिरानगरच्या बोगद्यातलं ट्रॅफिक, या दोनच विषयांवर. जर्मनी हा शब्द आमच्याकडे कुणी उच्चारत नव्हतं. भूगोलाच्या पुस्तकातून तो देशच उडवला होता म्हणा ना!

तर जानेवारीआधी चौघांची एक ट्रिप, हे ठरलं. बाबांना सेल्युलर जेल. दादाला समुद्र. मला हे चमकणारं पाणी. आईला काय, हे विचारायचं आम्ही नेहमीप्रमाणे विसरणार होतो, पण तिने स्वतःच अटी घातल्या. अट क्रमांक एक : मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारचं उद्यापन झाल्याशिवाय घर सोडणार नाही. अट क्रमांक दोन : अमावास्येला पाण्यावर जाणार नाही.

आता आली का पंचाईत! जीवदीप्ती बघायला अमावास्येच्या आसपासच्या रात्रीच सगळ्यात बेस्ट. चांदणं पडलं की ती फिकी पडते. पौर्णिमेला तर पैसे पाण्यात, अगदी शब्दशः. मी कालनिर्णय उघडलं. उद्यापन गुरुवारी १८ तारखेला. आणि मार्गशीर्ष अमावास्या संपत होती शनिवारी २० तारखेला सकाळी सव्वासातच्या सुमारास. म्हणजे शनिवारी रात्री तिथीप्रमाणे पौष शुद्ध प्रतिपदा, आणि आकाशाप्रमाणे पूर्ण अंधार! आईने पान दोनदा तपासलं. मग म्हणाली, "प्रतिपदा चालेल." खगोलशास्त्र आणि आई, दोघांनाही मंजूर अशी तारीख मिळणं हा माझ्या करिअरमधला मोठा विजय आहे.

बाबांच्या हृदयाचं काय? त्यांच्या डॉक्टरांना भेटून सगळं नीट सांगितलं. बाबा रोज सकाळी जॉगिंग ट्रॅकवर फेऱ्या मारतात, त्यांच्या तपासण्या ठीक होत्या. डॉक्टर म्हणाले, शांत पाणी असेल, सोबत माणूस असेल तर जाऊ द्या. जोर लावायचा नाही, छातीत जड वाटलं किंवा दम लागला की लगेच थांबायचं. हे प्रत्येकाच्या बाबतीत वेगळं असतं, तेव्हा तुमच्या घरच्यांसाठी तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

कोठडी आणि किनारा

गुरुवारी रात्री निघालो. इगतपुरीपासून समृद्धी महामार्ग धरला, मुंबईहून विमान, मध्ये एक हॉल्ट, आणि शुक्रवारी दुपारी पोर्ट ब्लेअर. सप्टेंबर २०२४पासून या शहराचं नाव श्री विजयपुरम आहे. हॅवलॉकचंही अधिकृत नाव २०१८च्या डिसेंबरपासून स्वराज द्वीप. पण रिक्षावाल्यापासून हॉटेलवाल्यापर्यंत सगळे जुनीच नावं घेतात, म्हणून मीही घेतेय.

सेल्युलर जेल १९०६मध्ये बांधून पूर्ण झालं. मधोमध मनोरा आणि त्याच्यापासून फुटलेल्या सात इमारती, सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या. त्यातल्या तीन आज शिल्लक आहेत. गाइडने सांगितलेली एक गोष्ट डोक्यातून जात नाही. प्रत्येक इमारतीच्या कोठड्यांची तोंडं समोरच्या इमारतीच्या पाठीकडे आहेत. का? कैद्यांनी एकमेकांना बघू नये, खुणासुद्धा करू नयेत म्हणून. शेजारी शेजारी शेकडो माणसं आणि बोलायची सोय नाही. बाबा एका कोठडीत आत जाऊन बराच वेळ उभे राहिले. दादा बाहेर, दाराशी. मी फोटो काढला नाही.

शनिवारी सकाळी फेरीने हॅवलॉक. इथल्या गावांची नावं गोविंदनगर, विजयनगर, श्यामनगर, राधानगर अशी आहेत. नाशिकच्या कुठल्याही कॉलनीत खपतील! फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांना पन्नासच्या दशकात इथे जमिनी देऊन वसवलं गेलं, ती ही गावं. आमचा गाइडही त्याच कुटुंबांपैकी एकातला. वय पंचविशीचं, बंगाली वळणाचं हिंदी, आणि पाण्याबद्दल बोलताना एकदम सीरियस.

एक मजा माहीत आहे का? अंदमान खूप पूर्वेला, पण घड्याळ आपलंच. त्यामुळे डिसेंबरात पाचच्या आसपास सूर्य मावळतो. आम्ही संध्याकाळी सहाला किनाऱ्यावर पोचलो तेव्हा तिथे गुडुप रात्र झाली होती आणि नाशिकमध्ये जॉगिंग ट्रॅकवर नुकते कुठे दिवे लागत असतील.

घटस्फोटाची होडी

आता कयाक म्हणजे काय, ते थोडक्यात. मूळ आर्क्टिकमधल्या इनुइट शिकाऱ्यांची ही होडी. सीलचं कातडं सांगाड्यावर ताणून शिवलेली, अरुंद, हलकी, आवाज न करणारी. आजची पर्यटकांची कयाक असते प्लॅस्टिकची, वरून उघडी, बसायला खळगे केलेली. उलटली तरी बुडत नाही, पुन्हा सुलटी करून चढता येतं. हातात एकच वल्हं, पण दोन्ही टोकांना पाती. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे.

रोइंग वेगळं बरं का! आपल्या नाशिक जिल्ह्यातला, चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कल्समध्ये तेरावा आला आणि २०१८च्या एशियाडमध्ये सांघिक सुवर्ण घेऊन आला, ते रोइंग. त्यात खेळाडू जायच्या दिशेला पाठ करून बसतो. कयाकमध्ये तोंड पुढे. चांदवडसारख्या दुष्काळी भागातला मुलगा पाण्यावर देशाचं नाव काढतो, तर आपण निदान गाळात रुतू नये एवढं तरी जमायला हवं की नाही, असं मी आईला पटवून देत होते.

आईचं पाण्याशी वाकडं आहे. तिचं माहेर नाशिकच्या सराफ बाजाराजवळ. तिच्या लेखी पाणी मोजायचं एकच माप, दुतोंड्या मारुती. 'मारुतीच्या गुडघ्याला लागलं', 'कमरेला लागलं', 'छातीला लागलं'. सप्टेंबर २००८च्या पुरात सराफ बाजारात पाणी शिरलं तेव्हा मामाच्या घरातलं सामान वरच्या मजल्यावर चढवायला ती गेली होती. तेव्हापासून गंगापूर धरणावरसुद्धा ती गाडीतून उतरून पाणी बघत नाही. त्यामुळे किनाऱ्यावर तिचा पहिला प्रश्न होता, "पाणी कुठपर्यंत आहे?"

गाइडने स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "यहाँ तक, आंटी. बीच में थोडा जादा."

"म्हणजे मारुतीच्या छातीपर्यंत," आई माझ्याकडे बघून म्हणाली. लाइफ जॅकेटचे पट्टे तिने तीनदा ओढून बघितले.

मग आला फॉर्म. कुठला आजार, ऑपरेशन, औषधं? बाबांनी पेन घेतलं आणि सरळ 'नाही' लिहायला सुरुवात केली. आईने पेन काढून घेतलं. अँजिओप्लास्टीची तारीख, गोळ्यांची नावं, ब्लड प्रेशर, सगळं लिहिलं. जागा पुरली नाही तेव्हा मागच्या बाजूला लिहिलं. बाबांचा चेहरा एवढासा झाला. त्यांना वाटलं, आता आपल्याला किनाऱ्यावर बसवणार. गाइडने फॉर्म पूर्ण वाचला, दोन-तीन प्रश्न विचारले आणि म्हणाला, "अंकल, आप मेरे बगल में चलेंगे. थक गए तो बोलना, मैं रस्सी से खींच लूँगा." बस. इतका साधा मामला. लपवलं असतं तर त्याला कळलंच नसतं की कुणाच्या बाजूला राहायचंय.

दोघांच्या कयाकला परदेशात गंमतीने 'घटस्फोटाची होडी' म्हणतात. कारण? पुढचा माणूस लय ठरवतो, मागचा दिशा सांभाळतो, आणि दोघांनाही वाटतं की चूक दुसऱ्याची आहे! आमच्या ग्रुपमध्ये इंदूरहून आलेलं एक नवविवाहित जोडपं होतं. पहिल्या पाच मिनिटांत ते दोनदा खारफुटीत घुसले आणि तिथून जे संवाद ऐकू आले, ते छापण्यासारखे नाहीत. नियम असा, की जास्त वजनाचा आणि जास्त ताकदीचा माणूस मागे. गाइडने आमच्याकडे बघितलं आणि जोड्या लावून टाकल्या. आई पुढे, मी मागे. बाबा पुढे, दादा मागे.

दादा काहीतरी बोलणार होता. बोलला नाही. जाऊन बसला.

"अगं, काहीतरी पेटलं!"

पहिली वीस मिनिटं काहीच दिसत नाही. हे आधीच सांगते, म्हणजे निराश होणार नाही. आपल्या डोळ्यांना पूर्ण अंधाराची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. मध्ये कुणी मोबाइल पेटवला की मीटर पुन्हा शून्यावर! म्हणून सगळे फोन ड्राय बॅगेत. गाइडकडे फक्त एक लाल टॉर्च, कारण लाल उजेडाने डोळ्यांची सवय फारशी मोडत नाही. प्रत्येक कयाकच्या मागे एक मिणमिणती कांडी, कुणी हरवू नये म्हणून.

भरती चढत होती. दोन्ही बाजूंना खारफुटीची काळी भिंत. वर आकाश असं, की इंदिरानगरात कधी दिसत नाही. मृग नक्षत्र, कृत्तिका, आणि व्याधाचा तारा तर पाण्यातसुद्धा दिसत होता. एका वळणावर गाइडने शिट्टी वाजवून थांबवलं आणि म्हणाला, "अब पैडल जोर से मारिए."

आईने मारलं. आणि किंचाळली, "अगं, काहीतरी पेटलं!"

पात्याच्या भोवती निळसर-पांढरा उजेड उसळला आणि विझला. पुन्हा मारलं, पुन्हा उसळला. मग आई थांबेचना. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे. कयाक गोल फिरायला लागली, तिला पर्वा नव्हती. कयाकच्या खालून एक मासा सुळकन गेला आणि त्याच्यामागे फुलबाजी ओढल्यासारखी रेघ उमटली. "फुलबाजीच," आई म्हणाली, "पण थंडगार."

हे काय असतं? पाण्यात तरंगणारे सूक्ष्म एकपेशीय जीव, म्हणजे प्लवक. त्यातल्या डायनोफ्लॅजलेट नावाच्या गटातले काही जीव हा उजेड करतात. पाणी हललं की पेशीच्या आवरणावर ताण येतो, आत एक विद्युत संदेश धावतो आणि ल्युसिफेरिन नावाच्या द्रव्याची ऑक्सिजनशी क्रिया होऊन उजेड पडतो. एका पेशीची ठिणगी टिकते सेकंदाच्या दहाव्या हिश्शाएवढी. पण अशा लाखो असल्या, की वल्ह्याभोवती गोळा पेटल्यासारखा वाटतो. उष्णता जवळजवळ नाहीच.

आणि हे सगळं कशासाठी? शास्त्रज्ञांचं एक आवडतं स्पष्टीकरण आहे, 'चोर आला' अलार्म! या जीवांना खायला एखादा छोटा प्राणी आला, की ते चमकतात. त्या उजेडामुळे त्या प्राण्याला खाणारा मोठा मासा तिथे येतो. सोसायटीत चोर शिरला की वॉचमन शिट्टी मारून पोलीस बोलावतो ना, तेच. म्हणजे जे आपल्याला सुंदर दिसतं, ती खरं तर कुणाची तरी घाबरून मारलेली हाक असते.

एक प्रामाणिक सूचना. नेटवर जे गडद निळे, निऑनसारखे फोटो दिसतात, ते कॅमेऱ्याचं शटर बरेच सेकंद उघडं ठेवून काढलेले असतात. डोळ्यांना तो रंग फिकट दिसतो, कधी नुसताच पांढरट. पण फोटोत एक गोष्ट नसते. तुम्ही हात हलवला म्हणून तो पेटलाय, ही.

आवाज पाण्यावरून लांब जातो

परतीच्या वाटेवर आमची कयाक मागे पडली. पुढे वीस-पंचवीस फुटांवर बाबा आणि दादा, त्यांच्या बाजूला गाइड. चेहरे दिसत नव्हते. दिसत होती ती फक्त वल्ही पडतील तिथली ठिगळं. आधी ती वेडीवाकडी होती. बाबांचं एक, दादाचं दुसरीकडे, मध्येच वल्ह्यावर वल्हं आपटल्याचा खट् आवाज. मग हळूहळू दोन्ही एकाच वेळी उजळायला लागली. डावीकडे दोन, उजवीकडे दोन. मागच्याने पुढच्याची लय धरायची असते, आणि बाबांची लय संथ होती. दादा त्या लयीत आला होता.

रात्री पाण्यावरून आवाज फार लांब जातो. हे त्या दोघांना माहीत नव्हतं.

"थांबायचं का बाबा?"

"दम लागला की मी सांगीन. तोवर मार."

बराच वेळ नुसतं पाणी. मग बाबांचा आवाज आला, स्कोअर विचारावा तसा.

"तिकडे जानेवारीत थंडी किती असते रे?"

आईचं वल्हं हवेतच थांबलं. मीही थांबले.

"शून्याच्या खाली जातं, बाबा."

"मग तुझं ते जॅकेट नाही पुरायचं."

"तिकडे घेईन की."

"पहिल्या दिवशी कुठे घेशील? इथून घेऊन जा एक." थोडं थांबून, "आणि मला काही झालं तर लगेच धावत यायचं नाही. आधी फोनवर नीट विचारायचं. ही आहे इथे, आई आहे."

दादा काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. त्याचं वल्हं तेवढं काही वेळ उजळलं नाही. मग उजळलं.

आईने मागे वळून माझ्याकडे बघितलं असावं. अंधारात कळलं नाही. मग तिने अगदी हळू, उजेड होणार नाही इतक्या हळू, पाण्यात वल्हं घातलं.

घरी हे संभाषण आठ महिन्यांत का झालं नाही, याचा मी नंतर विचार केला. समोरासमोर बसलं की आपण एकमेकांचे चेहरे वाचत बसतो आणि निम्मी वाक्यं गिळतो. कयाकमध्ये दोघांचीही तोंडं एकाच दिशेला असतात. मागच्याला पुढच्याची पाठ, पुढच्याला फक्त पाणी. आणि हात कामात. मला वाटतं, बाबांना तेवढंच लागत होतं.

आता थोडं सीरियस

हे वाचून लगेच बुकिंग करायला धावू नका. अंदमानात सहाशे चौरस किलोमीटरहून जास्त खारफुटी आहे आणि तिथे खाऱ्या पाण्यातल्या मगरी राहतात. २०१०मध्ये हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्याजवळ एका अमेरिकन पर्यटक महिलेचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. म्हणूनच आमचा गाइड जिथे हात घालायला सांगायचा तिथेच आम्ही हात घातला, आणि तो 'नको' म्हणाला तिथे विषय संपला. स्थानिक गाइडशिवाय, हौस म्हणून, रात्री कयाक भाड्याने घेऊन जाणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

अंदमान लांब वाटतंय? कोकण किनाऱ्यावरही हा उजेड अधूनमधून दिसतो. नोव्हेंबर २०२०मध्ये जुहूपासून देवगडपर्यंतच्या किनाऱ्यांवर लाटा चमकल्याच्या बातम्या आल्या होत्या. तिथे सहसा असतो नॉक्टिल्युका नावाचा जीव. पण त्याची दुसरी बाजूही आहे. उत्तर अरबी समुद्रात या शतकाच्या सुरुवातीपासून हिवाळ्यात हिरव्या नॉक्टिल्युकाचे प्रचंड पट्टे पसरायला लागले. मूळचे गोव्याचे शास्त्रज्ञ हेल्गा गोम्स आणि जोआकिम गोएस यांनी सहकाऱ्यांसह २०१४मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात याचा संबंध पाण्यातला ऑक्सिजन कमी होण्याशी जोडला. खाडीतली मूठभर ठिणगी वेगळी आणि अख्खा समुद्र पेटणं वेगळं. सगळंच चमकणारं पाणी निरोगी असतं असं नाही.

उलट जिथे नीट काळजी घेतात तिथे हा उजेड वर्षानुवर्षं टिकतो. पोर्टो रिकोतल्या व्हिएकेस बेटावरचा मॉस्किटो बे हा जगातला सर्वांत तेजस्वी उपसागर म्हणून गिनेस बुकात आहे. तिथे पोहायला बंदी आहे आणि पर्यटक जातात ते गाइडबरोबर, कयाकमधून.

जाण्याआधी

• अमावास्येच्या दोन-तीन दिवस आगेमागे बुकिंग करा. कॅलेंडरमध्ये चंद्राबरोबर भरतीची वेळही बघा. ओहोटीला खारफुटीच्या खाडीत कयाक रुतते.

• ऑपरेटरला तीन प्रश्न विचाराच : एका गाइडमागे किती कयाक? लाइफ जॅकेट मापाचं आहे का? हवा बिघडली तर पैसे परत का? तिसऱ्या प्रश्नाला जो चिडतो, त्याच्याकडे जाऊ नका. महाराष्ट्रात जाणार असाल तर २०२१च्या साहसी पर्यटन धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का, तेही बघा.

• आजारपण फॉर्मवर खरं लिहा. घरात पेन काढून घेणारं कुणी असेल तर उत्तमच.

• डास असतातच, पण अंगभर क्रीम-स्प्रे फासून पाण्यात हात घालू नका. ती रसायनं या जिवांना सोसत नाहीत. फुल शर्ट, फुल पँट घाला.

• पोहता येत नसेल तर आधी सांगा. लाज कसली? आमच्या चौघांत तीन होते!

• आई-बाबांना वेगवेगळ्या कयाकमध्ये बसवा. आणि ज्या दोघांचं घरात फारसं बोलणं होत नाही, त्यांना एकाच कयाकमध्ये.

शेवटचा मुद्दा कुठल्याही ट्रॅव्हल गाइडमध्ये सापडणार नाही, पण माझ्यावर विश्वास ठेवा.

दादा जानेवारीत गेला. जाड जॅकेट बाबांनीच घेतलं, नाशिकमध्ये तीन दुकानं हिंडून, आणि ते इतकं मोठं आहे की त्यात दोन दादा मावतील. आई सध्या भिशीतल्या सगळ्यांना 'थंडगार फुलबाजी'ची गोष्ट सांगतेय आणि प्रत्येक वेळी त्या गोष्टीतलं पाणी मारुतीच्या छातीवरून वर वर सरकतंय. बाबांनी मोबाइलच्या हवामानात नाशिकच्या खाली स्टुटगार्ट टाकून घेतलंय. सकाळी जॉगिंग ट्रॅकवरून आले, की चहाचा कप उचलायच्या आधी चष्मा लावून बघतात आणि आम्हाला सांगतात, "आज उणे चार."

मग दादाला फोन लावतात आणि त्यालाही सांगतात. तो तिथेच उभा असतो, त्याला माहीत असतं. तरी विचारतो, "हो का बाबा? इतकं?"